एकाच वायफायवर तीन ऑफिसं : आपल्या फाइल्स आपल्यातच कशा ठेवायच्या?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यात एका मोठ्या हॉलला पार्टिशन टाकून तीन ऑफिसं केली आहेत. एकात तुमचं कर सल्ल्याचं काम, शेजारी इन्शुरन्सवाले, पलीकडे एक आर्किटेक्ट. इंटरनेट जागामालकाचं, राऊटरही त्याचाच आणि वायफायचा पासवर्ड तिन्ही ऑफिसांना एकच. तुमची चार मशीन आहेत. त्यातल्या एकावर टॅली आणि सगळ्या क्लायंटची फोल्डरं आहेत, आणि ती बाकीच्या तिन्हींवरून उघडायला हवीत. परवा इन्शुरन्सवाल्यांकडच्या मुलीने बोलता बोलता सांगितलं की तिच्या लॅपटॉपवर ‘नेटवर्क’मध्ये तुमचं आयटीआरचं फोल्डर दिसतं. म्हणून तुम्ही विचारताय, ते फोल्डर लपवायचं कसं?

लपवणं एका मिनिटाचं काम आहे. शेअर करताना नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं की फोल्डर यादीतून नाहीसं होतं. पण त्यात एक गंमत आहे. शेजारचं मशीन यादी मागतं तेव्हा तुमचं मशीन ते नाव सांगतंच. ते पडद्यावर न दाखवण्याचं सौजन्य समोरचा विंडोज पाळतो. लिनक्स किंवा नेटवर्क तपासायचं एखादं साधं साधन असलं सौजन्य पाळत नाही, त्याला डॉलरवाली सगळी नावं दिसतात. तेव्हा लपवण्याच्या नादाला लागू नका. ‘वर्कग्रुप’चं नाव बदलण्याच्याही नादाला लागू नका. वर्कग्रुप वेगळा केला म्हणजे शेजारी बाहेर गेले, असं बरेच लोक समजतात. ते नाव फक्त यादीत मशीन एकत्र दाखवण्यापुरतं असतं, ते कुणालाही अडवत नाही.

मला तुमच्या प्रश्नात एक माहिती हवी होती, ती नाही. त्या मुलीने फोल्डरवर क्लिक केलं तर काय होतं? नाव-पासवर्ड मागतो, की सरळ आतल्या फाइल्स दिसतात? पासवर्ड मागत असेल तर तुमची परिस्थिती बरी आहे, थोडी डागडुजी पुरेल. सरळ उघडत असेल तर आज संध्याकाळी ऑफिस बंद करण्याआधी ते शेअरिंग काढून टाका, आणि पुढचं वाचा.

माझा अंदाज, ते सरळ उघडत असणार. लहान ऑफिसांत हे कसं होतं ते मी वर्षानुवर्षं बघतो आहे. हार्डवेअरवाला मुलगा येतो, दुसऱ्या मशीनवरून फोल्डर उघडायला जातो, पासवर्ड मागतो. कुठला पासवर्ड ते कुणालाच माहीत नसतं. मग तो ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करतो, फोल्डरला ‘एव्हरीवन’ आणि ‘फुल कंट्रोल’ देतो, तरीही अडलं तर फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी विंडोजची सोय, बंद करतो. दहा मिनिटांत चालू होतं, तो पैसे घेऊन जातो. तुम्हाला वाटतं ‘एव्हरीवन’ म्हणजे आपल्या ऑफिसातले सगळे. तो शब्द विंडोजने शब्दशः घेतलेला असतो. तुमचं नेटवर्क फक्त तुमचं असतं तर हे वाईट पण खपून गेलं असतं. सामायिक नेटवर्कवर ते म्हणजे चाळीच्या व्हरांड्यात कपाट उघडं ठेवण्यासारखं आहे.

आता काम नीट करायचं तर तीन वेगळे प्रश्न वेगळे ठेवा, कारण लोक ते एकत्र करतात आणि मग चुकीच्या जागी मेहनत घेतात. तुमच्या मशीनपर्यंत कोण पोचू शकतं? पोचलेल्यापैकी कोण फोल्डर उघडू शकतं? आणि फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर जाताना मध्येच कुणी वाचू शकतं का? पहिल्याचं उत्तर राऊटर आणि फायरवॉल देतात, दुसऱ्याचं यूजर अकाउंट आणि परमिशन, तिसऱ्याचं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर दुसऱ्याला वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात पाठवणं. तुमच्या जागी मी याच क्रमाने जाईन.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर शेजाऱ्यांशी उगाच वाकडं यायचं. तुमच्या शेजारची माणसं चोर आहेत असं मी समजत नाही, तुम्हीही समजू नका. धोका शेजाऱ्यापेक्षा शेजाऱ्याच्या लॅपटॉपचा जास्त असतो. मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवत असेल, फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम (रॅन्समवेअर). विंडोज मशीन आपसांत फाइल शेअर करताना जी भाषा बोलतात ती एसएमबी. तो तिच्या जुन्या आवृत्तीतल्या, एसएमबी-१ मधल्या त्रुटीतून पसरला, त्याला कुणाचा पासवर्ड लागला नाही, कुणी काही क्लिक करायची गरज पडली नाही. नेटवर्कवर पोचता येणं एवढंच पुरे होतं. त्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. लोकांनी अपडेट टाकलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा तसाच दुसरा प्रोग्राम आला आणि आपल्याकडे जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. तो तर एका मशीनमधून उचललेल्या अ‍ॅडमिनच्या पासवर्डने दुसऱ्या मशीनमध्ये शिरत होता. तुम्ही स्वतः सगळं अपडेट ठेवलं तरी आर्किटेक्टकडे इंटर्नशिपला आलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर तुमचं काही नियंत्रण नाही. म्हणून पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: पोचूच द्यायचं नाही.

त्यासाठी स्वतःचा राऊटर घ्या. साधा वायफाय राऊटर दोन-अडीच हजारांत बऱ्यापैकी मिळतो. घेताना खोक्यावर ‘गिगाबिट पोर्ट’ लिहिलंय का ते बघा. अगदी स्वस्तातल्या राऊटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात, म्हणजे फाइल कॉपी करताना सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जात नाही. गिगाबिटवर तीच १००च्या पुढे जाते. स्कॅन केलेल्या पीडीएफचे गठ्ठे हलवताना हा फरक रोज जाणवतो.

जागामालकाच्या राऊटरकडून तुमच्या ऑफिसात जी वायर येते ती या नव्या राऊटरच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये लावायची. त्याचा रंग बहुतेक वेळा बाकीच्यांपेक्षा वेगळा असतो. तुमची चारही मशीन नव्या राऊटरच्या ‘लॅन’ पोर्टांत किंवा त्याच्या नव्या वायफायवर. झालं. आता बाहेरून, म्हणजे मालकाच्या नेटवर्ककडून बघणाऱ्याला तुमचं सगळं ऑफिस एकच उपकरण दिसतं, तो राऊटर. त्याच्या मागे काय आहे ते दिसत नाही आणि आपणहून तिथे कुणाला येताही येत नाही. तुमचं इंटरनेट मात्र पहिल्यासारखं चालतं.

इथे एक जागा फार सांभाळायची. बसवणारा माणूस राऊटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ किंवा ‘रिपीटर’ मोडवर टाकतो, कारण त्याला ते सोपं जातं आणि ‘डबल राऊटर नको’ असं त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. त्या मोडमध्ये नवा डबा फक्त मालकाचंच नेटवर्क तुमच्यापर्यंत लांबवतो. वायफायचं नाव नवं, पासवर्ड नवा, आणि शेजारी होते तिथेच. तुम्हाला ‘राऊटर मोड’ हवा. वायर येतच नसेल, नुसतं वायफाय असेल, तर ‘विस्प’ मोड असलेला राऊटर घ्या. तो मालकाचं वायफाय इंटरनेटसारखं घेतो आणि आत तुमचं वेगळं नेटवर्क करतो.

ओळखायचं कसं? कुठल्याही मशीनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, बघा. मालकाच्या वायफायवर तो, समजा, १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर नव्या राऊटरच्या मागे तो वेगळ्या आकड्यांनी सुरू झाला पाहिजे. दोन्हीकडे तेच आकडे आले तर एकतर मोड चुकलाय, नाहीतर दोन्ही राऊटरांची मूळची सेटिंग सारखी आहेत. दुसऱ्या परिस्थितीत कधी इंटरनेट जातं, कधी प्रिंटर सापडत नाही, आणि कारण समजत नाही. नव्या राऊटरचा पत्ता सरळ १९२.१६८.५०.१ करून टाका, हा गोंधळ होत नाही.

हॉलमधला सामायिक प्रिंटर वापरत असाल तर घाबरू नका. आतून बाहेर जाता येतं, त्यामुळे प्रिंटर त्याच्या आयपी पत्त्याने जोडला की छपाई होते. आपोआप सापडणं मात्र बंद होईल. उलट दिशेने, म्हणजे स्कॅनरमधून थेट तुमच्या फोल्डरमध्ये स्कॅन येत असेल, तर ते थांबेल. त्यासाठी बाहेरचा रस्ता उघडू नका. स्कॅन ईमेलवर घ्या, नाहीतर एक छोटा स्कॅनर आत घ्या.

मालकाने दुसरा राऊटर लावायला नाही म्हटलं तर? काही सामायिक (को-वर्किंग) ऑफिसांच्या करारात तशी अट असते. मग दोन मार्ग उरतात. एक, विंडोजच्या फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगचा जो आत येणारा नियम आहे त्यात ‘रिमोट आयपी’ म्हणून फक्त तुमच्या तीन मशीनचे पत्ते घालायचे. चालतं, पण पत्ते बदलले की शेअर बंद पडतं आणि सोमवारी सकाळी तुम्हाला फोनाफोनी करावी लागते. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: टेलस्केलसारखं काहीतरी चारही मशीनवर टाकायचं. ते तुमच्या मशीनांमध्ये एक आपलं खासगी नेटवर्क तयार करतं, त्यातली सगळी वाहतूक एन्क्रिप्ट होते, आणि मालकाच्या वायफायवर तुम्ही विंडोजला ‘पब्लिक’ नेटवर्क सांगून सगळं बंद ठेवू शकता. काही जागांचं वायफाय एका मशीनला दुसरं दिसूच देत नाही, तिथेही हे चालतं, फक्त फाइल बाहेरच्या सर्व्हरवरून फिरून येते म्हणून वेग पडतो. मोठा टॅली डेटा मात्र मी यावर ठेवणार नाही.

राऊटर बसला की तिन्ही ऑफिसांपैकी दोन बाहेर गेली. आता दुसरा प्रश्न, आतलेच लोक. तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की भागीदाराचं एक फोल्डर आहे, ज्यात पगार आणि फीचे आकडे आहेत, आणि ते स्टाफला दिसू नये. हे राऊटरने होत नाही. त्यासाठी अकाउंट हवेत.

ज्या मशीनवर फोल्डरं आहेत, त्याला आपण मुख्य मशीन म्हणू. त्या मशीनवर प्रत्येक माणसासाठी एक लोकल अकाउंट बनवा. माणसाने त्या मशीनवर बसून लॉगिन करायची गरज नाही, अकाउंट फक्त ओळखीसाठी. नाव छोटं, इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा आणि लांब. ऑफिसचं नाव आणि १२३ हा पासवर्ड नको. तुमच्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या राऊटरांचा तोच असेल. पासवर्ड रिकामाही नको. विंडोज मुळातच रिकाम्या पासवर्डच्या अकाउंटला नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

लोकल अकाउंट का, याचं कारण सांगतो, कारण इथे सगळे अडकतात. तुमचं मुख्य मशीन बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे आणि सकाळी तुम्ही चार आकडी पिन टाकून ते उघडता. दुसऱ्या मशीनवरून शेअर उघडताना विंडोज नाव-पासवर्ड मागतो, तुम्ही पिन टाकता, तो नाही म्हणतो. पुन्हा टाकता, पुन्हा नाही. पिन हा त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. तिथे अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, जो तीन वर्षांपूर्वी टाकला होता आणि कुणाला आठवत नाही. हार्डवेअरवाला याच पायरीला कंटाळून सगळं उघडं करून जातो. लोकल अकाउंट बनवलं की हा घोळच संपतो.

नाव-पासवर्ड मागणाऱ्या त्या खिडकीत नाव लिहिताना आधी मुख्य मशीनचं नाव, मग उलटी तिरपी रेघ (\), मग अकाउंटचं नाव, असं लिहा. नुसतं अकाउंटचं नाव लिहिलं तर विंडोज कधी कधी ते आपल्याच मशीनवरचं समजतो. ‘लक्षात ठेव’वर टिक करा, म्हणजे रोज विचारणार नाही. आणि बरोबर पासवर्ड देऊनही तो ‘एकापेक्षा जास्त नावांनी जोडता येत नाही’ अशा अर्थाची तक्रार करत असेल, तर त्या मशीनवर आधीचं जुनं कनेक्शन चालू आहे. एका मशीनवरून त्याच मुख्य मशीनला एका वेळी एकाच नावाने जाता येतं. मॅप केलेला जुना ड्राइव्ह तोडा, विंडोज जिथे पासवर्ड लक्षात ठेवतो त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढा, मशीन रीस्टार्ट करा.

आता परमिशन. विंडोजमध्ये त्या दोन ठिकाणी असतात, एक शेअरची आणि एक फोल्डरची स्वतःची, आणि दोन्हींत जी जास्त कडक ती लागू होते. त्यामुळे एका ठिकाणी दिलं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही दिलं की ‘परमिशन दिली तरी उघडत नाही’ असं होतं. शेअरच्या परमिशनमधून ‘एव्हरीवन’ काढा, आपली माणसं एकेक घाला, त्यांना ‘चेंज’ द्या. मग ‘सिक्युरिटी’ टॅबवर त्याच माणसांना ‘मॉडिफाय’. ‘फुल कंट्रोल’ कुणालाच नको, कारण फुल कंट्रोलवाला परमिशनही बदलू शकतो. फाइल बनवणं, बदलणं, पुसणं हे सगळं मॉडिफायमध्ये येतं, रोजच्या कामाला त्याहून जास्त काही लागत नाही.

भागीदाराचं फोल्डर क्लायंटच्या फोल्डरच्या आत ठेवून त्याला वेगळी परमिशन द्यायचा मोह होतो. ते करू नका. तांत्रिकदृष्ट्या जमतं, पण सहा महिन्यांनी कुणीतरी वरच्या फोल्डरवर परमिशन बदलतो, ‘आतल्या सगळ्यांना लागू कर’वर टिक करतो, आणि पगाराचा तक्ता सगळ्यांना दिसायला लागतो. वेगळं फोल्डर, वेगळा शेअर, फक्त दोन नावं. त्या फोल्डरचं नाव डॉलरने संपवलंत तर माझी हरकत नाही. आता ते लपवणं केवळ नीटनेटकेपणासाठी आहे, कुलूप वेगळं लागलेलं आहे.

हे झालं की ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ पुन्हा चालू करा. विंडोज ११ मध्ये ते नेटवर्कच्या प्रगत सेटिंगमध्ये, ‘ऑल नेटवर्क्स’खाली आहे. फायरवॉलही चालू करा. चारही मशीनवर तुमच्या नव्या राऊटरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आणि बाकी सगळी ‘पब्लिक’ ठेवा. लॅपटॉप घरी, कोर्टात, कॉफीच्या दुकानात नेणाऱ्यांसाठी हे जास्तच महत्त्वाचं: पब्लिक नेटवर्कवर विंडोज शेअरिंगची दारं आपोआप मिटतो.

जाता जाता, तुम्ही पुढच्या वर्षी एखादं नवं मशीन घ्याल आणि त्यावरून जुन्या पद्धतीचं बिनपासवर्डचं शेअर उघडणार नाही. विंडोज ११ च्या ‘२४एच२’ या अपडेटपासून प्रो आवृत्तीतही ‘गेस्ट’ म्हणून आत जाणं मुळातच बंद केलंय. ‘रजिस्ट्रीत एक-दोन बदल केले की चालतं’ असं सांगणारे भरपूर भेटतील. खरंच चालतं. पण ज्या गोष्टीमुळे तुमचं फोल्डर शेजाऱ्यांना दिसलं, तीच गोष्ट तुम्ही पैसे देऊन परत आणत असता. एसएमबी-१ चालू करायचा सल्लाही त्याच जातीचा. जुना स्कॅनर किंवा जुनं नेटवर्क स्टोरेज फक्त एसएमबी-१ बोलत असेल तर ते उपकरण बदला.

तिसरा प्रश्न, वाटेत वाचणं. एसएमबीवर पासवर्ड उघडा जात नाही, पण फाइलमधला मजकूर, एन्क्रिप्शन मुद्दाम चालू केलं नसेल तर, उघडाच जातो. मालकाच्या वायफायवर ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि थोडं तंत्र येतं, तो मध्ये शिरून हे वाचू शकतो. अजून एक बारीक गोष्ट: मशीनचं नाव टाइप करताना अक्षर चुकलं तर विंडोज अख्ख्या नेटवर्कला हाळी देतो, ‘या नावाचं कोण आहे?’ आणि कुणीही ‘मी’ म्हणू शकतो. मग त्या उत्तर देणाऱ्याकडे तुमच्या पासवर्डपासून बनवलेला एक संकेत जातो, जो घरी बसून फोडता येतो. छोटा पासवर्ड पटकन फुटतो, लांब पासवर्ड सहसा फुटत नाही. म्हणून वर लांब पासवर्डचा आग्रह धरला.

स्वतःचा राऊटर लावलात तर हा तिसरा प्रश्न जवळजवळ निकालात निघतो, कारण वाट तुमच्याच ऑफिसातली राहते. तुमच्यासारख्या चार मशीनच्या ऑफिसला एवढं पुरतं असं माझं मत. राऊटर लावता येणार नसेल, तर मात्र शेअरला एन्क्रिप्शन चालू करा. विंडोज ८ पासून आलेल्या एसएमबी-३ मध्ये ते आहे. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, शेअरवर ‘एन्क्रिप्ट डेटा’ हा पर्याय ‘ट्रू’ करायचा, एका ओळीचं काम. त्यानंतर विंडोज ७ वालं मशीन त्या शेअरला जोडलं जाणार नाही. तुमच्याकडे अजून एखादं विंडोज ७ असेल तर त्याची ही अडचण मला अडचण वाटतच नाही. त्याला २०२० पासून सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, त्याने क्लायंटच्या पॅन-आधारला हात लावायचं कारण नाही.

टॅलीचं वेगळं सांगायला हवं. त्याचा डेटा एका वेळी अनेक जण उघडतात, त्यामुळे तो शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, मुख्य मशीनवर, एकाच जागी राहिला पाहिजे. टॅलीचं फोल्डर गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा सिंकथिंगसारख्या कुठल्याही ‘आपोआप सारखं ठेवणाऱ्या’ गोष्टीत टाकू नका. दोन मशीनवर एकाच वेळी नोंदी झाल्या की दोन वेगवेगळ्या प्रती तयार होतात आणि डेटा बिघडतो. मग मार्चअखेरीला टॅलीचं रीराइट, म्हणजे बिघडलेल्या डेटाची दुरुस्ती, करत बसावं लागतं. आणि टॅलीवाली मशीन वायफायवर नको, वायर टाका. वायफाय क्षणभर तुटलं तर वर्ड चालवून घेतं, टॅली घेत नाही. कंपनीच्या डेटाला टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावता येतो, म्हणजे फोल्डर कुणी पेन ड्राइव्हवर उचलून नेलं तरी उघडणार नाही. लावलात तर तो पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो विसरलात तर कुणीही काढून देऊ शकत नाही.

क्लायंटच्या पीडीएफ आणि एक्सेल फाइल्सना मात्र सिंकथिंग छान आहे. तुमच्या फाइल्स साठवणारा कुठला सर्व्हर मध्ये नाही, प्रत्येक मशीन दुसऱ्याला त्याच्या ओळखक्रमांकाने ओळखतं, तुम्ही दोन्हीकडून मंजुरी दिल्याशिवाय जोडणी होत नाही, आणि वाहतूक एन्क्रिप्टेड असते. मुख्य मशीन बंद असलं तरी आपल्याकडची प्रत उघडते, हा फायदा वीज जाणाऱ्या भागात मोठा. तोटा हा की एका मशीनवर पुसलेली फाइल सगळीकडून जाते, म्हणून त्यातलं जुन्या आवृत्त्या राखण्याचं सेटिंग चालू ठेवायचं. तुम्हाला एकच प्रत, एकच जागा हवी असेल तर साधं शेअर बरं. स्टाफ अर्धा वेळ बाहेर असेल तर सिंकथिंग. हे तुमच्या कामाच्या पद्धतीवर आहे, मला इथून सांगता येणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचाही विषय काढतो, कारण तुमच्या ऑफिसातही तो चालूच असणार. ‘जरा ती फॉर्म १६ ग्रुपवर टाक.’ शेअर नीट चालत नसलं की माणसं हे करतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण मग तीच फाइल चार फोनांच्या गॅलरीत, चार मशीनच्या डाउनलोडमध्ये राहते आणि एक कर्मचारी सोडून गेला तर त्याच्या फोनमध्येही जाते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने लोकांची माहिती गोळा करणाऱ्यावर वाजवी सुरक्षा ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. उद्या कुणी विचारलं तर गॅलरीतला तो फॉर्म १६ सांभाळणं अवघड जाईल. शेअर सुरळीत चालू झालं की ही सवय बरीचशी आपोआप सुटते, असा माझा अनुभव. शेजारच्या आर्किटेक्टला कधी फाइल द्यायचीच असेल तर त्यांना शेअर देऊ नका. सेव्हन-झिप या फाइल्सचा एक गठ्ठा बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये पासवर्ड लावून, फाइलची नावंही एन्क्रिप्ट करायची टिक करून, पाठवा आणि पासवर्ड तोंडी सांगा.

बॅकअपबद्दल थोडंच लिहितो, कारण तो तुमचा प्रश्न नव्हता. पण ज्याला फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आहे, त्याच्या मशीनवर रॅन्समवेअर आलं तर ते त्या फोल्डरमधल्या फाइल्सही कुलूपबंद करतं. परमिशन त्याला अडवत नाही, कारण ते त्याच माणसाच्या नावाने आत येतं. त्यामुळे एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क बॅकअप म्हणून धरू नका.

सगळं झाल्यावर तपासायचं कसं, तर फोन घ्या. फोन मालकाच्या वायफायला जोडा, नेटवर्क बघू शकणारं कुठलंही फाइल मॅनेजर अ‍ॅप उघडा आणि ‘लॅन’ किंवा ‘रिमोट’मध्ये शोधा. तुमचं एकही मशीन दिसायला नको. मग फोन तुमच्या नव्या वायफायला जोडून पुन्हा शोधा: मुख्य मशीन दिसेल, पण नाव-पासवर्डाशिवाय आत जाता यायला नको. शेवटी स्टाफपैकी एकाच्या अकाउंटने आत जा आणि भागीदाराचं फोल्डर उघडून बघा. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आलं पाहिजे. क्लायंट येऊन ‘जरा वायफाय द्या’ म्हणतात, त्यांच्यासाठी नव्या राऊटरमधलं ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करा. आतलं वायफाय कुणालाही नाही.

कोण जोडलेलं आहे हे कधीही बघायचं असेल तर मुख्य मशीनवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ आहे. त्यातल्या ‘सेशन्स’मध्ये या क्षणी कुठल्या नावाने, कुठल्या मशीनवरून कोण आत आहे ते दिसतं, आणि ‘ओपन फाइल्स’मध्ये कुठली फाइल कुणी उघडून ठेवली आहे तेही. माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी त्याचं एक अकाउंट बंद करायचं आणि आतल्या वायफायचा पासवर्ड बदलायचा. सगळ्यांचं एकच सामायिक अकाउंट ठेवलंत तर या जागी अडाल.

दोन गोष्टी कळवा. मुख्य मशीनवर विंडोज होम आहे की प्रो, आणि मालकाच्या राऊटरकडून तुमच्या ऑफिसात वायर येते की नुसतं वायफाय. त्यावरून राऊटर कुठल्या प्रकारचा घ्यायचा आणि वापरकर्ते बनवायच्या पायऱ्या तुमच्या मशीनवर नेमक्या कुठे सापडतील, ते सांगतो. तोवर ते ‘एव्हरीवन’ मात्र काढून ठेवा.